माफीचा शनिवार

दुपारे काकाजी माफी मागायला आले की आमच्या घरात भांडण होतं.

तुम्हाला वाटेल, बाईंनी काहीतरी उलटं लिहिलं. माफी मागितली की भांडण मिटतं, हे मीही वर्षानुवर्षं शाळेत मुलांना सांगत आले. पण त्या मुलांच्या गल्लीत शांतवन दुपारे राहत नाहीत. माझ्या गल्लीत राहतात, आणि तेही दोन घरं सोडून.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ते घेण्याआधी आपण कुणाशी वाईट वागलो असू तर त्याच्याशी समेट करून यावं, अशी रीत आहे. आम्ही बाकीची मंडळी हे काम उपासनेतच, डोळे मिटून, मिनिटाभरात उरकतो. काकाजींना ते पटत नाही. आदल्या शनिवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते गल्लीत निघतात. महिनाभरात ज्याच्याशी चुकीचं वागले, बोलले, किंवा ज्याच्याबद्दल नुसतं काही मनात आलं, त्याच्या दारात जाऊन उभे राहतात. चपला पायरीखाली, हात जोडलेले.

एरवी ते मला "काहून वं सुनीता" म्हणतात. शनिवारी मी सुनीताबाई होते.

"सुनीताबाई, आधी माह्यं ऐका," ते म्हणतात. बसा म्हटलं तर बसत नाहीत. चहा विचारला तर म्हणतात, "आधी माफी, मंग चहा."

एका शनिवारची गोष्ट सांगते. आम्ही दोघं नवरा-बायको दारातच होतो. काकाजींनी घसा साफ केला.

"सुनीताबाई, मांगच्या महिन्यात तुमच्या घरी जेवलो. तुम्ही विचारलं, वरण कसं झालं. मी म्हणलं, एक नंबर. खोटं बोललो. पातळ होतं. मीठही कमी होतं. माफ करा."

यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, केलं माफ. माझ्यामागे अनिल, म्हणजे माझे यजमान, खुदकन हसले. काकाजी त्यांच्याकडे वळले.

"अन् अनिलभाऊ, तुम्ही सकाळी गच्चीवर उड्या मारता, तवा मी खिडकीतून पाहतो अन् हासतो. सुनीताबाई म्हणल्या होत्या, का एवढ्या उड्या मारून पोट तर जागचं हाललं नाही. तवाही हासलो. गरीब माणूस मेहनत करून राह्यला अन् मी हासून राह्यलो. माफ करा जी."

अनिलने माफ केलं. काकाजींना, मला नाही. चहा पिऊन काकाजी हलकेफुलके होऊन पुढच्या दाराला गेले, आणि आमच्याकडे वरण आणि पोट या दोन विषयांवर जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रभुभोजनाला एकमेकांशी न बोलता गेलो. काकाजींचं मन मात्र आरशासारखं लख्ख होतं.

काकाजी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरच्या देखभालीला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बॉयलर त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झाला नाही. बॉयलरच्या पाण्यात गाळ जमतो. तो तसाच ठेवला तर नळ्या फुटतात. म्हणून तळाचा वॉल्व्ह उघडून गढूळ पाणी वेळोवेळी सोडून द्यायचं असतं. त्याला तिथले लोक ब्लोडाऊन म्हणतात. काकाजींच्या मते पश्चात्ताप म्हणजे दुसरं काही नाही.

"माणूस काय करते, वर्षाचा गाळ गुड फ्रायडेले काढतो म्हणते. तवापर्यंत नळी फुटते नं बापा. थोडं थोडं काढत राहा."

एकदा पाळकसाहेबांनी कौतुकानं त्यांना संडे स्कूलमध्ये पश्चात्तापावर दोन शब्द बोलायला बोलावलं. काकाजींनी फळ्यावर अख्खा बॉयलर काढला. पाणी आत येण्याची वाट, वाफ जाण्याची वाट, गाळ, वॉल्व्ह, सगळं बाणांसकट. मुलं इतकी रमली की वर्षअखेरच्या परीक्षेत, बायबलातल्या पश्चात्तापाच्या गोष्टीवरच्या, "उधळ्या पुत्राने घरी परतण्याआधी काय केले?" या प्रश्नाला एका मुलीनं "ब्लोडाऊन" असं उत्तर लिहिलं. पाळकसाहेबांनी तिला पूर्ण गुण दिले. मी असते तर अर्धेच दिले असते.

माफीच्या बाबतीत काकाजी धर्म, जात, पक्ष पाहत नाहीत. आमच्या समोरचे रामटेके बुद्धविहाराचं काम पाहतात. बुद्धपौर्णिमेला पहाटे विहाराचा भोंगा सुरू झाला आणि काकाजींच्या तोंडून झोपेत एक शब्द निघाला. तो कुणी ऐकला नव्हता. तरी शनिवारी ते रामटेक्यांच्या दारात उभे राहिले आणि तो शब्द काय होता तेही सांगितलं. रामटेके शांतपणे म्हणाले, "काकाजी, भोंगा मीच लावला होता, अन् तोच शब्द माह्या बायकोनं मले म्हणला." मग दोघांनी तर्रीपोहे खाल्ले. निरोप देताना रामटेके म्हणाले होते, "काकाजी, माफीसाठी कशाला येता? असेच येत जा." काकाजींनी ते ऐकल्यासारखं केलं, पण ते "असेच" कधी कुणाकडे गेले नाहीत.

मानकापूरच्या चौकात एकदा त्यांनी लाल दिवा ओलांडला. घरी आले, जेवायला बसले, घास उतरेना. उठून परत चौकात गेले आणि तिथल्या शिपायाला हात जोडून सांगितलं, "साहेब, मघाशी मी गेलो होतो." शिपायाला आधी वाटलं, काहीतरी डाव आहे. मग त्यानं काकाजींना सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि घरी कुणी आहे का म्हणून विचारलं.

आता हसू येतं, पण जुने लोक सांगतात ते दुपारे वेगळेच होते. कोराडीच्या कॉलनीत त्यांचा राग प्रसिद्ध होता. हातातलं अवजार फेकायचं आणि मग ज्याला लागलं त्यालाच शिव्या द्यायच्या. तोंडात चोवीस तास तंबाखूचा खर्रा. चर्चला यायचे ते बायकोला सोडायला. मनोरमाकाकूंनी या माणसाचं काय केलं आणि कसं केलं, ते त्यांनाच ठाऊक. उपदेश कधी केला नाही. फक्त पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी त्या नवऱ्याचा सदरा काढून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अवो, उद्या भाकर घ्याची आहे. जा, शेजार साफ करून या." सुरुवातीला काकाजी चिडून जायचे आणि माफी मागता मागता नवं भांडण करून यायचे. पुढच्या महिन्यात त्या भांडणाची माफी. असं करत करत ईस्टरआधीच्या एका उपवासकाळात खर्रा सुटला, दुसऱ्या उपवासकाळात शिव्या सुटल्या. अवजारं हातातच राहू लागली. देव माणसाला बदलतो असं आम्ही गाण्यांतून म्हणतो. आमच्या गल्लीला ते दोन घरं सोडून पाहायला मिळालं, आणि त्या बदलाचा मला खरोखर आदर आहे, वरणाचं सोडून.

लॉकडाऊन उठल्याच्या पुढच्या वर्षी काकू गेल्या. शनिवार मात्र चुकला नाही. आता सदरा ते स्वतः काढतात, म्हणून इस्त्री नसते.

काकूंच्या मागे एक नवीन गोष्ट सुरू झाली. उपासनेत आम्ही सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यात, आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची ओळ येते. बरोबर त्या ओळीला मागच्या बाकावरून काकाजींचा खोकला ऐकू येतो. आधीच्या ओळीला नाही, नंतरच्या ओळीला नाही. विचारलं तर म्हणतात, "कोराडीची राख आहे वं. छातीत बसली." राख इतकी वेळ पाळते हे मला नवीन होतं, पण मी गायनमंडळात पुढे बसते, आणि पुढे बसणाऱ्याला मागचं फारसं कळत नाही.

ते कळलं या वर्षीच्या उपवासकाळात. प्रभुभोजनाचं गाणं चालू असताना माझाच घसा बसला, म्हणून मी पाणी प्यायला बाहेर आले. नळ फाटकाजवळ आहे. तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर, ओळीनं लावलेल्या गाड्यांसमोर, काकाजी बसले होते. आतलं गाणं ऐकत ओठ हलवत होते.

"काकाजी, आत चला ना. अजून रांग आहे."

"गाड्या कोण पाहीन वं?"

"गाड्यांना कुलपं आहेत."

"कुलपाचा काय भरोसा."

मी शिक्षिका आहे. गृहपाठ न केलेल्या मुलाचा चेहरा मला लांबून ओळखू येतो. "मागच्या महिन्यात कुणी पाहिल्या गाड्या?" मी विचारलं.

"मीच."

"आणि त्याच्या आधी?"

"मीच नं. मनोरमा गेली तवापासून मीच पाहून राह्यलो."

 सगळ्या गल्लीची दारं वाजवून प्रभुभोजनाची तयारी करणारा हा माणूस काकू गेल्यापासून त्या भोजनाला बसलाच नव्हता. आणि एवढ्या मोठ्या मंडळीत ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आमचा सगळ्यांचाही आला.

"कुणाची माफी मागायची राहिली?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

काकाजी गाड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मागाची नाही राह्यली. द्याची राह्यली. बॉयलरचा एक वॉल्व्ह जाम आहे, सुनीता. बाकीचा गाळ निघते. त्याच्या मांगचा नाही निघत. अशा बॉयलरले प्रेशर देत नसतात."

"कोणता वॉल्व्ह?"

"प्रभा."

प्रभुदास म्हणजे काकाजींचा धाकटा भाऊ. काटोलकडे त्याची संत्र्याची लहानशी बाग आहे. आई लवकर गेली म्हणून काकूंनीच त्याला लहानाचा मोठा केला. काकूंना मूल नव्हतं, जे होतं ते प्रभाच. दर रविवारी तो यायचा, आणि काकू त्याला पुढ्यात बसवून वाढायच्या.

मग काकू जाण्याआधीच्या नाताळात घोटाळा झाला. घोटाळा अर्थातच काकाजींच्या माफीनं केला. नाताळच्या जेवणाला प्रभुदासच्या सासरचे सगळे बसलेले. मटण वाढलेलं. काकाजींना तेव्हाच पश्चात्ताप झाला. ते ताटावरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "प्रभा, तुह्या लग्नात मी मनोरमाले म्हणलं होतं, का पोरीकडच्यांनी मटणात नुसतं पाणी टाकलं. लय वर्षं मनात होतं. माफ कर." पोरीकडचे सगळे समोरच बसले होते. ते ताटं सोडून उठले. प्रभुदासची बायको रडत बाहेर गेली. प्रभुदास म्हणाला, या घराची पायरी आता चढणार नाही. आणि काकू असेपर्यंत तो चढला नाही.

थोड्याच दिवसांत काकू अंथरुणाला खिळल्या. निरोपावर निरोप गेले. काटोलची बस कितीशी लांब? काकू रोज विचारायच्या, "अवो, प्रभा आला का?" काकाजी म्हणायचे, येईन, निघाला असन. प्रभुदास आला तो थेट मातीला.

"मटणाची चूक माही होती, हे मले समजते," काकाजी म्हणाले. "पण मनोरमानं काय केलं होतं?"

"मग करून टाका ना माफ."

"केलं नं. तो आला का मी म्हणतो, प्रभा, चूक माहीच होती. विषय खतम."

"मग झालं तर."

"मंग मले खोकला काहून येते?"

आत शेवटचं कडवं सुरू झालं होतं.  मी पाणी प्यायले आणि आत गेले.

ईस्टरच्या आदल्या दिवशीची गोष्ट. यंदा ईस्टर महिन्याच्या पहिल्याच रविवारी आला होता, म्हणून तो शनिवार काकाजींच्या फेरीचा. ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होते. मी अंडी रंगवत बसले होते, तर दारात एक पन्नाशीचा माणूस उभा. खांद्यावर संत्र्याची पिशवी.

"बाई, मी प्रभुदास. दादाच्या घराले कुलूप आहे. इथं बसू का?"

मी आत घेतलं. मृगाच्या बहाराचा शेवटचा माल कळमन्याच्या बाजारात देऊन तो आला होता. पिशवी पायाशी ठेवून खुर्चीच्या टोकावर बसला, जणू खुर्ची उसनी आणली होती. मी चहा ठेवला. चहा निवला तरी त्यानं हात लावला नाही. बोलायचं होतं हे दिसत होतं, म्हणून मी अंडी रंगवत राहिले. मुलांशीही मी असंच करते.

"किती खेपा आलो, बाई," तो शेवटी म्हणाला. "माह्यं चुकलं हे सांगाले येतो. पण दादा बोलूच देत नाही. मी तोंड उघडलं का म्हणतो, चूक माहीच होती. मंग चहा पाजतो, अन् बसस्टँडवर सोडून देतो. माही चूक माह्याजवळच राहून जाते. जशी आणली तशी घरी वापस घेऊन जातो."

माझा ब्रश हातातच राहिला. माफी मागण्यात एवढा तरबेज माणूस, पण दुसऱ्याला मागू देत नव्हता. गल्लीतल्या सगळ्या चुका त्यांना स्वतःच्याच नावावर हव्या होत्या, भावाचीही.

तेवढ्यात पायरीखाली चपला वाजल्या. "सुनीताबाई, आधी माह्यं ऐका," म्हणत काकाजी दारात आले, हात जोडलेले. आणि भावाला पाहून तसेच थांबले. चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग नेहमीचं हसू आणून ते म्हणाले, "अरे प्रभा! केव्हा आला? अन् पाह्य, ते मांगचं काढू नको. चूक माहीच..."

"काकाजी!" मी ओरडले. सातवी ब च्या वर्गात ओरडते तशी. "तोंड बंद. खाली बसा."

काकाजी बसले. मीही घाबरले, कारण मी त्यांच्यावर याआधी कधी ओरडले नव्हते. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. पिशवीतलं एक संत्रं काढून मी त्यांच्या हातात दिलं. "हे सोला. फोड तोंडात ठेवा. प्रभाभाऊंचं बोलून होईपर्यंत तुमच्या तोंडातून शब्द नाही, फक्त बिया निघतील."

काकाजींनी निमूट संत्रं सोललं आणि फोड तोंडात टाकली. मी प्रभुदासकडे पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "वहिनी बोलावून राह्यली हे मले माहीत होतं. सगळे निरोप भेटले."

काकाजींनी मान हलवली, हात वर केला, काहीतरी म्हणू लागले. मी दुसरी फोड पुढे केली. ती तोंडात गेली.

"बस चुकली नव्हती. बागेत कामही नव्हतं. मी मुद्दाम नाही आलो. एक दिवस स्टँडवर आलो, गाडीत बसलो, अन् उतरून गेलो. राग तुह्यावर होता, काढला तिच्यावर. जिनं मले भरवलं तिच्यावर काढला, दादा."  डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून त्यानं माझं रंगाचं फडकं घेतलं, आणि गाल निळा झाला.

काकाजी चावायचे थांबले होते. तोंडातली फोड बराच वेळ तशीच होती. मी तिसरी पुढे केली नाही. त्यांनी ती गिळली, भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव प्रभा. चूक तुहीच होती."

असं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. प्रभुदासनं मान खाली घातली.

"तुही वहिनी रोज दाराकडे पाहे," काकाजी म्हणाले. "मी रोज खोटं बोलो, निघाला असन म्हणून. शेवटी तिनं विचारणं सोडून देल्लं. ते मले सहन नाही झालं. लय राग आहे मले तुह्या. रोज चूक माही, चूक माही म्हणलं, अन् आतमंदी तुलेच शिव्या देल्ल्या. ज्या शिव्या मी सोडल्या होत्या, त्याच." ते रडू लागले. मी त्यांना काकूंच्या मातीलाही रडताना पाहिलं नव्हतं. "पण आता तू बोलला नं. आता सोडतो. माफ केलं, प्रभा. आता खरं केलं."

दोघं भाऊ माझ्या बैठकीत रडत बसले, एकाचा गाल निळा. अनिल गच्चीवरून व्यायाम करून खाली आले, दारात हे दृश्य पाहिलं आणि आल्या पावली परत वर गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा नव्यानं ठेवला आणि थोडी मीही रडले. संत्र्याच्या साली तशाच पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ईस्टरची उपासना. मागच्या बाकावर दोघं शेजारी बसलेले. प्रार्थनेत ती ओळ आली तेव्हा मी गायनमंडळाची शिस्त सोडून मान वळवली. खोकला आला नाही. उलट काकाजींचा आवाज सगळ्यांच्या वर, एक शब्द पुढे, बेसूर. प्रभुभोजनाच्या रांगेत ते भावाच्या मागे उभे होते. पाळकसाहेबांनी त्यांच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला, तेव्हा ते त्याच्याकडे पाहतच राहिले. मागची रांग खोळंबली, पण कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, त्या दिवशी आम्हा सगळ्यांचाच ईस्टर झाला.

फाटकावर अर्थात कुणी नव्हतं. त्या दिवशी अनिलचं हेल्मेट गेलं.

मे महिन्यातला माफीचा शनिवार आला. मी सकाळपासून चहाचं आधण तयार ठेवलं होतं. हेल्मेटची माफी तरी नक्की असणार, असा आमचा अंदाज होता. घंटी वाजली नाही. रामटेक्यांकडेही नाही. जून गेला, जुलै आला. प्रभुदास दर रविवारी यायचा, दोघं चर्चला यायचे, रांगेत उभे राहायचे. पण शनिवारी काकाजी घराबाहेर पडेनात. गल्ली सुनी झाल्यासारखी वाटायला लागली. आम्हाला भांडायला नीट विषयही मिळेना. "काकाजींची पापं संपली की काय?" अनिल म्हणाले. ते गमतीनं म्हणाले, पण मला ते काही बरं वाटलं नाही.

मग एका मंगळवारी, आम्ही जेवायला बसणार इतक्यात घंटी वाजली. दारात काकाजी. पांढरा सदरा नाही, साधी बंडी. हात जोडलेले नाहीत, मागे बांधलेले.

"काय चुकलं, काकाजी?" मी विचारलं.

"काही नाही वं," ते म्हणाले. पायरीवर जरा घुटमळले. "असाच आलो."

मी पाट मांडला. ते बसले आणि ताटाकडे पाहू लागले. "किती दिवसांपासून येईन येईन करून राह्यलो," ते म्हणाले. "मनोरमा गेल्यापासून एकट्यानं घास उतरत नाही, सुनीता. पण कोणाच्या दारात जायाले काही कारण तर पायजे. वॉल्व्ह उघडला तवापासून माफी मागाले काही सापडत नाही. पापं होती तवा बरं होतं. महिन्यातून एकदा तरी येता येत होतं."

अनिलनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं.  मी त्यांच्या ताटात भात वाढला, त्यावर वरण घातलं. पहिला घास घेऊन ते थांबले. मी मुद्दामच विचारलं, "कसं झालंय?"

"पातळ आहे," काकाजी म्हणाले, आणि आणखी वरणासाठी वाटी पुढे केली.